थीम पार्कला निघालोय, पण मुक्काम कुठे टाकायचा?

सुट्टीच्या प्रवासाबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर निम्म्याहून जास्त पत्रं थीम पार्कचीच आली. आणि गंमत म्हणजे राइडबद्दल कोणीच फारसं विचारलेलं नाही, सगळ्यांची अडचण एकच, राहायचं कुठे. मला हे फार बरं वाटलं, कारण माझ्या अनुभवात ट्रिप बिघडते ती इथेच. चार पत्रं घेतलीयत. नावं छापत नाही, गाव तेवढं देते.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): ताई, माझे सासू-सासरे साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत. नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून ऑरलँडोला डिस्नी वर्ल्डला जायचं ठरतंय. आम्ही दोघं, ते दोघं आणि मुलं ८ आणि ४ वर्षांची, पाच रात्री. नवरा म्हणतो डिस्नीजवळच्या किसिमी गावात अख्खं घर भाड्याने घेऊ, घरचं जेवण होईल, स्वस्त पडेल. मला वाटतं डिस्नीच्याच हॉटेलात राहावं. रोज यावरून वाद होतात. तुम्हीच सांगा.

उत्तर: तुमच्या मिस्टरांचं पूर्ण चूक नाहीये हे आधी सांगते. किसिमीच्या बाजूला तीन-चार बेडरूमची घरं मिळतात, बहुतेक घरांना मागे छोटा स्विमिंग पूल असतो, वॉशिंग मशीन असतं, गॅसवर वरणभाताचा कुकर लागतो आणि माणशी खर्च काढला तर हॉटेलपेक्षा कमी येतो. हे सगळं खरंय. पण हिशोब करताना आपण फक्त रात्रीचं भाडं बघतो आणि दुपार विसरतो.

डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे. १९७१ साली मॅजिक किंग्डम सुरू झालं, मग १९८२ ला एपकॉट, १९८९ ला आत्ता हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते आणि १९९८ ला अॅनिमल किंग्डम, अशी चार मोठी पार्कं, शिवाय दोन वॉटर पार्क, आणि सगळा पसारा साधारण ४० चौरस मैलांचा. एका पार्कातून दुसऱ्याकडे चालत जाऊ असं इथून वाटतं तसं ते नाहीये. त्यात मॅजिक किंग्डमला स्वतःच्या गाडीने गेलात तर गाडी पार्काच्या दारापर्यंत जातच नाही. आधी मोठ्या पार्किंगमध्ये लावायची, तिथून मोनोरेल किंवा बोट पकडायची, मग दार. म्हणजे किसिमीच्या घरातून निघून मुलांचा पाय आत पडेपर्यंत तास सहज जातो आणि परतताना तितकाच. आता दुपारी दोनची वेळ डोळ्यासमोर आणा, चार वर्षांचं पोर झोपेला आलंय, सासऱ्यांना जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायची सवय आहे, कोण दोन तास घालवून घरी जाऊन परत येणार? कोणी जात नाही. मग सगळे बाकावर बसून राहतात, मूल रडतं, संध्याकाळी आतषबाजी व्हायच्या आधीच सगळ्यांची चिडचिड सुरू होते.

मी हे सगळं केलंय. माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही बाहेरच्या एका हॉटेलात उतरलो होतो, फुकट शटल आहे असं वाचून. ती शटल दिवसातून दोनदाच, सकाळी नेणार आणि रात्री आणणार. सासूबाईंचा पाय दुपारीच सुजायला लागला होता, चपलेचा पट्टा रुतून वळ उमटलेला, आणि परत जायला काही साधनच नाही. रात्री शटलच्या रांगेत मी पोराला खांद्यावर टाकून पाऊण तास उभी होते, एका हातात त्याची बाबागाडी, कारण बसमध्ये ती घडी करूनच न्यावी लागते. त्या रात्री मी ठरवलं की पुढच्या वेळी खोली निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, दुपारी परत येता येईल का.

म्हणून माझं मत तुमच्या बाजूने, पण हॉटेल नीट निवडा. डिस्नीच्या हॉटेलांचे ढोबळ तीन वर्ग आहेत, व्हॅल्यू, मॉडरेट आणि डीलक्स. डीलक्समधली काही, म्हणजे कंटेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन, मोनोरेलवर आहेत, कंटेम्पररीवरून तर मॅजिक किंग्डमला चालत जाता येतं. सोय उत्तम, पण सहा माणसांना दोन खोल्या लागतील आणि तो आकडा बघून तुमचा वाद परत सुरू होईल. व्हॅल्यूच्या साध्या खोलीत चारच माणसं. त्यामुळे तुमच्यासाठी मला एकच नाव सुचतं, आर्ट ऑफ अॅनिमेशनमधला फॅमिली स्वीट. सहा माणसांची सोय, दोन बाथरूम, छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह, आणि आत दार लावता येईल अशी वेगळी बेडरूम. ती सासू-सासऱ्यांना द्या. सकाळी सहा माणसांना दोन बाथरूम असणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

आणि मुख्य म्हणजे ते हॉटेल स्कायलायनरवर आहे. ही २०१९ साली सुरू झालेली केबल कार, फुकट आहे, मधे एकदा बदलून एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज दोन्हीकडे जाते. बाबागाडी घडी न करता आत ढकलता येते, झोपलेलं पोर तसंच झोपलेलं राहतं! दुपारी दीडला निघालात तर अडीचच्या आत सासरे पलंगावर. फक्त विजा चमकत असल्या की ती बंद ठेवतात, उन्हाळ्यात तिकडे दुपारचा गडगडाट जवळजवळ रोजचाच, तुम्ही थंडीत जाताय म्हणून तो त्रास कमी. मॅजिक किंग्डम आणि अॅनिमल किंग्डमला बस आहे, तीही फुकट, आणि ती मॅजिक किंग्डमच्या दाराजवळ सोडते, तो पार्किंग-मोनोरेलचा फेरा पडत नाही.

अजून दोन फायदे पैशात मोजता येत नाहीत पण गर्दीत कळतात. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात, त्या अर्ध्या तासात जी राइड होते तिला नंतर दीड तास रांग असते. दुसरं, रांग टाळायची जी लाइटनिंग लेन असते (तिचे पैसे वेगळे) तिचं बुकिंग तुम्हाला सात दिवस आधी करता येतं, बाहेर राहणाऱ्यांना तीनच दिवस आधी. आता विरुद्ध बाजूही बघा, बाहेरचं हॉटेल घ्यायचंच ठरलं तर जाहिरातीतल्या भाड्यावर जाऊ नका. त्यावर साडेबारा ते साडेतेरा टक्के टॅक्स लागतो, वरून बऱ्याच ठिकाणी रोजची रिसॉर्ट फी, आणि पार्काच्या पार्किंगचे रोज वेगळे. टॅक्स डिस्नीच्या हॉटेललाही आहे, पण रिसॉर्ट फी नाही आणि पार्किंगही फुकट. सगळं कागदावर मांडा, फरक वाटतो तेवढा राहत नाही. एअरपोर्टवरून फुकट न्यायची त्यांची बस मात्र २०२२ च्या सुरुवातीलाच बंद झालीय, ते भाडं धरा.

जेवणाचं म्हणाल तर मिस्टरांना सांगा की डिस्नीच्या पार्कात बाहेरचं खाणं न्यायला मनाई नाही, काचेची भांडी आणि दारू सोडून. थेपले, पोळीभाजीचा रोल, दशम्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात, बाटल्या विकत घेऊ नका.

एकच गोष्ट तुम्हा दोघांनाही पटणार नाही कदाचित, ती म्हणजे तारीख बदला. नाताळ ते नवं वर्ष हा तिथला सगळ्यात गर्दीचा आणि सगळ्यात महाग आठवडा, तिकिटाचा दरही तारखेप्रमाणे चढतो. तुमच्या न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, तेव्हा पुष्कळ जर्सीवाले तिकडे जातात हे खरं, पण तरी नाताळाइतकी रेटारेटी नसते आणि हवा छान असते. सासू-सासऱ्यांचा परतीचा दिवस बघून जमत असेल तर तेच करा. आणि त्या दोघांना पाचही दिवसांचं तिकीट काढायची गरज नाही. दोन किंवा तीन दिवसांचं काढा, बाकीचे दिवस त्यांनी उशिरा उठावं, तळ्याकाठी फिरावं, स्कायलायनरमधून चक्कर मारावी.

प्रश्न (सांगली): आम्ही दोन कुटुंबं मिळून मे महिन्यात खोपोलीच्या इमॅजिकाला जाणार आहोत. लोणावळ्याला राहावं म्हणजे तेही फिरून होईल असं वाटतंय. एका दिवसात थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही होतात का?

उत्तर: होत नाहीत. म्हणजे होतात, पण मग पैसे वाया. थीम पार्क २०१३ साली सुरू झालं तेव्हा एकच होतं, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, आणि आता प्रत्येकाला एक-एक दिवस हवाच. मे महिन्यात जाताय तर पहिला दिवस थीम पार्क, दुसरा पाण्याचा, असाच क्रम ठेवा, उलटं केलं तर दुसऱ्या दिवशी ओले कपडे, सोललेले खांदे आणि त्यावर ऊन.

लोणावळ्याचं मात्र मी नको म्हणेन. नकाशात जवळ दिसतं पण मधे बोरघाट आहे. लोणावळा वर, इमॅजिका खाली, खोपोली-पाली रस्त्यावर. मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी घाटात गाडी अडकली की दोन-दोन तास हलत नाही आणि मागच्या सीटवर पोरं पार्क कधी येणार विचारत बसतात. सांगलीहून तीनशे किलोमीटरच्या आसपास येणार, त्यातच सहा तास गेलेले असतील. घाट एकदाच उतरा आणि खालीच राहा. बजेट असेल तर पार्काला लागूनच हॉटेल आहे, तिथे दुपारी खोलीवर जाऊन अंघोळ करून परत येता येतं. नसेल तर खोपोली गावात साधे लॉज आहेत, फक्त दोन कुटुंबांना शेजारच्या खोल्या हव्यात हे फोनवर नीट बोलून घ्या.

बाहेरचं खाणं इथे आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे सकाळी पोटभर नाष्टा करूनच आत शिरा. आणि घरातल्या लहानग्याची उंची निघायच्या आधी भिंतीवर मोजा. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरला उंचीची अट कडक आहे, दारात पट्टी लावून परत पाठवतात आणि मग रडारड. छोट्यांसाठी टबी, हम्प्टी, कॅरोसेल अशा वेगळ्या राइड आहेत, त्या आधी उरका आणि मोठ्यांनी आळीपाळीने नायट्रो आणि डीप स्पेस या मोठ्या राइड करा.

लोणावळ्याऐवजी एक सुचवू का? खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे आणि पार्काच्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर, अष्टविनायकातले दोन. पालीला देवस्थानचं भक्तनिवास आहे. बरोबर वडीलधारे असतील तर एक रात्र पालीला काढा, सकाळी दर्शन करून सावकाश पार्कला या, ते काही पहाटे उघडत नाही. आजी-आजोबांची ट्रिप देवाची, नातवंडांची पार्काची, दोन्ही एकाच रस्त्यावर होतात.

प्रश्न (नागपूर): पहिल्यांदाच परदेशात चाललोय. मुलगी ७ वर्षांची. हाँगकाँगचं डिस्नीलँड की सिंगापूरचं युनिव्हर्सल? सिंगापूरला गेलो तर युनिव्हर्सल जिथे आहे त्या सेंटोसा बेटावरच राहायला हवं का? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर: मुलीला राजकन्या, एल्सा वगैरेचं वेड असेल तर हाँगकाँग, तिथे नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्रोझनचा अख्खा वेगळा भाग उघडलाय आणि तो फार सुंदर केलाय. तसं नसेल तर पहिल्या परदेशवारीला मी सिंगापूर म्हणेन, खाण्यापिण्याची काळजीच राहत नाही.

आणि सेंटोसावर राहू नका. युनिव्हर्सल एका दिवसाचं काम आहे, एका दिवसासाठी चार रात्रींचं सेंटोसाचं भाडं कशाला? लिटल इंडियात राहा. तिथून मेट्रोची जांभळी लाइन न बदलता थेट हार्बरफ्रंटला जाते, वर व्हिवोसिटी मॉल, मॉलमधूनच सेंटोसा एक्स्प्रेस, दुसऱ्या की तिसऱ्या मिनिटाला तुम्ही बेटावर. रात्री परत आल्यावर खाली उतरलं की गरम डोसा, इडली, थाळी, आणि विसरलेलं काहीही घ्यायला मुस्तफा हे भलंमोठं दुकान आहेच. खोल्या लहान असतात तिकडे, हे आधीच मनात धरा, बुक करताना खोलीला खिडकी आहे ना ते बघा कारण बिनखिडकीच्या खोल्याही विकतात.

हाँगकाँगच ठरलं तर डिस्नीच्या हॉटेलऐवजी तुंग चुंगला राहिलात तरी चालेल. डिस्नीलँडची छोटी ट्रेन जिथून सुटते ते सनी बे स्टेशन तिथून एकच स्टेशन, आणि मोठ्या बुद्धाकडे जाणारी केबल कारही तुंग चुंगहूनच निघते. शाकाहारी जेवणाची शोधाशोध मात्र करावी लागेल, खाकरे आणि तयार उपमा-पोह्याची पाकिटं बॅगेत टाका.

प्रश्न (कराड): माझं वय ६७, गुडघे दुखतात. मुलगा-सून मला फ्लोरिडाच्या डिस्नीला नेणार म्हणतात. एवढं महागाचं तिकीट माझ्यासाठी कशाला, तुम्ही जा, मी खोलीवर बसते म्हटलं तर मुलगा रागावला. खरंच मला बघण्यासारखं काही आहे का तिथे, की मी फक्त त्यांच्या पर्सा सांभाळत बसायचं?

उत्तर: काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पर्सा सांभाळायला अजिबात जाऊ नका. तुम्ही जा आणि तुमचं म्हणून बघा, तिथे खूप आहे.

एपकॉटमध्ये एक बोट आहे, लिव्हिंग विथ द लँड नावाची. धक्का नाही, अंधारात घाबरवणं नाही, पंधरा मिनिटांच्या आसपास शांत पाण्यातून जाते आणि चक्क हरितगृहांमधून फिरवते. मातीशिवाय वाढलेली भाजी, दोरीला लटकवून चढवलेले टोमॅटोचे वेल, भोपळे, मोठाली लिंबं, मासे वाढवायची टाकी. माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर परसात दोडकी-कारली लावली, त्या त्या बोटीत पुढे सरकून बसल्या होत्या आणि प्रत्येक वेल ओळखत होत्या, मुळाला पाणी कसं देतात हे मला दोनदा विचारलं त्यांनी. उतरल्या आणि म्हणाल्या परत बसूया. आम्ही परत बसलो. कराडसारख्या शेतीच्या मुलखातल्या माणसाला ते आवडणारच.

मॅजिक किंग्डममध्ये पीपलमूव्हर म्हणून गाडी आहे, वरच्या मजल्यावरून सावकाश वाऱ्यावर फिरते, पायांना विसावा मिळतो आणि सगळा परिसर दिसतो. इट्स अ स्मॉल वर्ल्ड ही बोटसुद्धा बसून बघायची. अॅनिमल किंग्डमच्या सफारीत जिराफ, हत्ती जवळून दिसतात, पण तो रस्ता खडबडीत आहे, कंबरेचं दुखणं असेल तर ती सोडा. जिराफ बघायचेच असतील तर अॅनिमल किंग्डम लॉज या हॉटेलात सना नावाची जागा आहे, तिथे पार्काचं तिकीट लागत नाही, खिडकीशी बसायचं, बाहेर झेब्रे-जिराफ चरताना दिसतात, आणि ताटात येतात नान आणि भरपूर चटण्या, शाकाहारी. मुलाला आधी जागा राखून ठेवायला सांगा.

गुडघ्यांचं मनावर घ्या. एका दिवसात तिथे आठ-दहा किलोमीटर चालणं नकळत होतं. व्हीलचेअर पार्काच्या दाराशीच भाड्याने मिळते, ती पहिल्याच दिवशी, दुखायच्या आधी घ्या, लाजू नका, तिथे तुमच्या वयाची शेकडो माणसं फिरतात तशी. नवे बूट नकोत, महिनाभर आधी घेऊन कृष्णेच्या घाटावर रोज फिरून पायात बसवा. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पर्समध्ये, मोठ्या बॅगेत नाही, आणि प्रवासाचा विमा काढल्याशिवाय विमानात बसू नका.

आणि खोली. मुलाला विचारा की कुठे उतरवतोयस, आणि तिथून दुपारी परत यायला काय साधन आहे. बाहेर लांब उतरणार असेल तर वरचं एडिसनचं उत्तर त्याला वाचून दाखवा. दोन वाजता तुम्हाला खोलीवर आणायचं, पाचला परत न्यायचं, हे त्याच्याकडून तिकीट काढायच्या आधीच कबूल करून घ्या, रात्रीची आतषबाजी मग तुम्ही अगदी ताज्या असताना बघाल.